बिनपावडरचा कप

राष्ट्रीय सराव शिबिर, धरमशाला
१४ जानेवारी २०२५

आदरणीय मामा आणि मामी,
सप्रेम जय भीम.

सुखरूप पोचले. आल्या दिवशीच फोन जमा करून घेतले. रविवारी दहा मिनिटं हातात देतात आणि ती दहा मिनिटं सांगोल्याहून आई रडण्यात संपवते. म्हणून तुम्हाला पत्र. मामा, हसू नका. आठवीत तुमच्याकडे राहायला आले तेव्हापासून माझ्या शुद्धलेखनाच्या वह्या तुम्हीच तपासल्यात, तेव्हा चुका काढायचा हक्क तुम्हाला आहेच.

थंडी अशी आहे की अंथरुणातून पाय बाहेर काढायला शिट्टी लागते. पंधराशे मीटरच्या आम्ही चौघी आहोत. एप्रिलमध्ये निवड आणि त्यातल्या दोघींना जूनमध्ये देशाची जर्सी. सध्या माझी वेळ दुसरी आहे. हे कुणाला सांगू नका, तुमच्या कॉफीच्या गाडीवर तर मुळीच नको.

पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी उत्तेजकांची तपासणी झाली. एका बाईंच्या डोळ्यांसमोर नमुना द्यायचा, म्हणजे लाज कोळून प्यावी लागते. मग एक फॉर्म. गेल्या सात दिवसांत घेतलेलं प्रत्येक औषध, टॉनिक, पावडर लिहा. शेजारच्या मुलीने दोन्ही बाजू भरल्या. मी लिहिलं, लोहाच्या गोळ्या. एवढंच. जरा मिरवावंसंही वाटलं. तुमच्या गाडीवरची रोजची सकाळची कॉफी लिहिली नाही, ती काय औषध आहे? तुमच्या फळ्यावर प्रोटीन कॉफी, कोलॅजन कॉफी, ताकद कॉफी असं काय वाट्टेल ते असो, माझा पांढरा कप बिनपावडरचा, हे आपलं ठरलेलंच आहे.

मामी, डिंकाचे लाडू तुमच्या काळ्या डब्यासकट कपाटात कुलपात ठेवलेत. रोज एकच खाते. चाळीस दिवस पुरतील.

तुमची,
निकिता


बिबवेवाडी, पुणे
२३ जानेवारी २०२५

चि. निकू,
जय भीम आणि आशीर्वाद.

तुझ्या पत्रात तीन चुका आहेत. कोणत्या, ते आल्यावर दाखवीन. तोवर शोधत बस.

गाडी झकास चालली आहे. वरच्या जिममधून उतरलेला माणूस आधी माझ्याकडे येतो, मग घरी जातो. हिंजवडीच्या कंपनीत पंधरा वर्षं कॉफीच्या मशीनमागे उभा राहिलो, पण तिथे मान वर करून कुणी पाहिलं नाही. इथे 'काका, एक ताकद!' अशी हाक येते. काल एक निवृत्त हेडक्लार्क आले, कोलॅजन कॉफी प्यायले आणि गुडघा साधारण किती वाजेपर्यंत बरा होईल असं विचारून घड्याळ बघत उभे राहिले. अशा मंडळींसाठी नवी पाटी केली आहे: 'पावडर नको असल्यास आधी सांगावे. घातलेली पावडर काढून मिळणार नाही.' लोक तिचे फोटो काढतात.

जिममधला ट्रेनर पुष्कर अजून मलाच पावडरींचे डबे आणून देतो. तुझ्या मामीने नेहमीप्रमाणे सगळ्या पावडरी स्टीलच्या डब्यांत ओतल्या आहेत आणि झाकणांवर चिकटपट्टी लावून नावं लिहिली आहेत: पांढरी, पिवळट आणि वासाची. बाहेरून आलेला डबा रिकामा करून घासल्याशिवाय तिला चैन पडत नाही. कंपनीने छापलेलं नाव कितीही सुंदर असलं तरी आमच्या घरी ती पिवळटच.

बरं, ती तपासणी नक्की कशाची असते गं? म्हणजे दुधाची पावडर वगैरे असलं काही त्यात दिसतं, की फक्त इंजेक्शनवाल्यांना पकडतात? सहज विचारतोय. गिऱ्हाईकं विचारतात.

पळ, पण ऊर फुटेस्तोवर नको.

तुझा,
सीताराममामा

ता. क. निकिता, मी मामी. लाडू संपले तरी डबा टाकू नकोस. झाकण घट्ट आहे, मला मेतकुटाला हवाय. – नंदा


वाई
१२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,
जय भीम.

मी शिबिरात नाही. माझे कोच अनिरुद्ध सर, त्यांच्या आईकडे वाईला आले आहे. फोन बंद ठेवलाय, कारण तो सुरू केला की कुणीतरी 'खरं का गं?' असं विचारतं. आणि तुम्हाला फोन करत नाही त्याचं कारण वेगळं आहे. फोनवर तुम्ही विनोद करून विषय बदलता. कागदावर ते जमत नाही.

माझ्या नमुन्यात बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं आहे. अगदी थोडं, पण सापडलं. नोटीस आली त्याच दुपारी मला बॅग भरायला सांगितलं. चौघींपैकी बाकीच्या तिघी दारात उभ्या होत्या. एकीने बॅगेची चेन लावून दिली, पण माझ्याशी बोलली नाही.

चार वर्षांची बंदी होऊ शकते, मामा. मी आता बावीसची आहे. सव्विसाव्या वर्षी पुन्हा सुरुवात करून पंधराशे मीटरला कुणी देशासाठी पळत नाही. सरांनी ओळखीच्या वकील पाहिल्या आहेत, शर्मिला मॅडम. त्या म्हणतात, शरीरात ते कुठून आलं हे पुराव्यासकट दाखवता आलं तर शिक्षा खूप कमी होते. 'मला माहीत नाही' या उत्तराला चार वर्षं. लेखी खुलाशाची मुदत ४ मार्च.

तीन रात्री मी आठवते आहे. मेसचं जेवण शिबिरात सगळ्यांनी खाल्लं, इतर कुणात काही नाही. गोळ्या सरकारी दवाखान्यातल्या, त्या मॅडमनी तपासायला दिल्यात. उरलं पुण्यातलं. घरी जे तुम्ही खाता तेच मी खाते. आणि रोज सकाळी सरावानंतर गाडीवर तुमच्या हातची एक कॉफी.

म्हणून एकच विचारते. माझ्या कपात कधी काही घातलंत का? हो की नाही, तेवढंच लिहा. हो असेल तर मी ओरडणार नाही.

निकिता


बिबवेवाडी, पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

चि. निकिता,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. मामी देव्हारा नसलेल्या घरात कुणाला नवस बोलावा म्हणून विचारत होती, मी म्हटलं बुद्धांपुढे मेणबत्ती लाव आणि गप्प बस.

उत्तर नाही. माझ्या हातून तुझ्या कपात कॉफी, दूध आणि साखर यापलीकडे काही गेलेलं नाही.

आता माझं ऐक. त्या शिबिरात काय कमी लोक असतील तुझ्या वाईटावर? तूच लिहिलंस की दोघींनाच जर्सी मिळणार आणि तुझी वेळ दुसरी. तिसरीला कोण विचारणार? पाण्याची बाटली कुठे ठेवायचीस? झोपताना खोलीला कडी असायची का? मॅडमना म्हणावं, ते शोधा. नमुन्यांची अदलाबदलसुद्धा होते, मी पेपरात वाचलं आहे. यंत्रं चुकतात. हिंजवडीला आमचं मशीन दर महिन्याला बिघडायचं आणि दुरुस्त करणारा दर वेळी म्हणायचा की यंत्र बरोबर आहे, तुम्हीच बटण चुकीचं दाबलंत.

आणि ज्या घरात तू नऊ वर्षं वाढलीस त्या घरावर आधी संशय घेतलास, हे मला लागलं. असो. पोर अडचणीत असली की बोलते.

दोन-तीन दिवस गाडी बंद ठेवली आहे. अंगात कणकण आहे.

मामा


वाई
२४ फेब्रुवारी २०२५

मामी,

हे पत्र तुम्हाला आहे. मामांना वाचायला द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मामांनी 'नाही' लिहिलं आणि मी ते धरून चालले. मॅडमना सांगितलं, घर सोडा, शिबिराचं बघा. माझ्याबरोबर पळणाऱ्या मुलीचं नाव मी घेतलं, मामी. जिने माझ्या बॅगेची चेन लावली तिचं. मॅडमनी कागदावर ते लिहूनही घेतलं.

काल शेवटचा लाडू खाल्ला. डबा घासून ठेवावा म्हणून उलटा केला. तळाला काळ्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापलंय: बॅच नंबर, बनवल्याची तारीख, आणि त्याखाली 'मसल' एवढा शब्द. डब्याच्या अंगावर कुठे काही नाही. सगळं लेबल कुणीतरी खरवडून काढलंय. कडेला घासणीचे ओरखडे आहेत.

दीड महिना मी हा डबा कुलपात सांभाळला. तुम्ही म्हणालात टाकू नको, म्हणून धरमशालेहून इथवर आणला.

हा पुष्करच्या पावडरीचा डबा आहे ना? मग त्याच्यावरचं नाव का पुसलंत? मला कळू नये म्हणून? मामांनी सांगितलं म्हणून पुसलंत? तुम्ही तरी माझ्याशी खोटं वागणार नाही असं मला वाटलं होतं. माझी आई सांगोल्याला आहे, पण ताप आला की मी हाक तुम्हाला मारत आले.

मुदतीला आठ दिवस उरलेत.

निकिता


बिबवेवाडी, पुणे
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय निकिता बाळा,
जय भीम.

मला तुझ्यासारखं नीट लिहिता येत नाही. जसं येतंय तसं लिहिते.

लेबल मी काढलं. त्याच्यावर एक उघडाबंब माणूस होता. अंगात बनियनसुद्धा नाही, दंड फुगवून दात काढून उभा. पोरींच्या वसतिगृहात असला डबा पाठवू मी? तुझ्या मैत्रिणी काय म्हणतील, कुठल्या घरातून आली ही? म्हणून खोबरेल लावून रात्रभर ठेवला आणि सकाळी तारेच्या घासणीने घासला. तळ बघितलाच नाही. तुझ्या गळ्याची शपथ, दुसरं काही मनात नव्हतं.

पण दुसरं सांगायचं राहिलंय ते सांगते. तुझ्या कपात पावडर होती. पिवळट डब्यातली, तुझ्या त्या काळ्या डब्यातून मीच ओतून ठेवलेली. डिसेंबरअखेरपासून तू गेलीस त्या दिवसापर्यंत, रोज एक चमचा. मी पाहिलं होतं. मी ह्यांना विचारलं, तिला चालते का, ती तर नको म्हणते. हे म्हणाले, दुधाचीच तर आहे, पोर वाळत चाललीय. मला पटलं. तू खरंच वाळली होतीस. मी गप्प बसले, म्हणून जेवढं त्यांचं तेवढं माझं.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी ह्यांनी पिवळट डब्यातली सगळी पावडर मोरीत ओतली. मग डबा घासायला बसले. दोनदा घासला. तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना भांडं घासताना पाहिलं नव्हतं. तेव्हाच मला कळलं की हे साधं नाही. तरी विचारायचा धीर झाला नाही.

आज तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहिते. त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. म्हणून मी लिहितेय. त्यांच्या समोरच बसून लिहितेय.

तो डबा आता घासू नकोस.

तुझी,
मामी


बिबवेवाडी, पुणे
२७ फेब्रुवारी २०२५

निकू,

मामीचं पत्र गेलं. त्यात एक शब्द खोटा नाही. माझ्या पत्रात होता. मी 'नाही' लिहिलं ते खोटं लिहिलं.

तुला आठवत असेल, डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धेत तू चौथी आलीस. दुसऱ्या दिवशी गाडीजवळच्या पायरीवर बसून कॉफी पीत होतीस. म्हणालीस, मामा, शेवटच्या दोनशे मीटरला पायात काही उरतच नाही. मी रोज पन्नास परक्या लोकांच्या कपात ताकद म्हणून चमचा घालतो आणि माझी पोर बिनपावडरचा कप घेऊन बसते, हे मला बघवलं नाही. पुष्करला विचारलं, मुलींना चालते ना? म्हणाला, काका, डोळे झाकून द्या. मी डोळे झाकले. त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं, पण ते कारण मी तुला सांगणार नाही. माहीत नव्हतं तर घालायचं नव्हतं.

दोन आठवड्यांनी तू म्हणालीस, आज पाय हलके वाटले. मला किती आनंद झाला होता! त्याची आता शिसारी येते. पावडरीने झालं की तुझ्या कष्टाने, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तेवढंही मी तुझ्याकडून घेतलं.

पंधरा वर्षं कंपनीत कॉफी दिली. बिनसाखरेची म्हटली की बिनसाखरेची. एक साहेब होते, त्यांना अर्धा चमचा लागायचा. सपाट अर्धा. मी बोटाने निपटून घालायचो. कधी कुणाच्या कपात त्याने न सांगितलेली चिमूटसुद्धा गेली नाही. परक्यांचं ऐकलं आणि तुझं ऐकलं नाही. नऊ वर्षं तुला मी वाढवलं, म्हणून मला वाटलं तुला विचारायची गरज नाही.

खोटं का बोललो तेही लिहितो. बंदीची भीती नव्हती. तू या घरात पुन्हा पाणी प्यायची नाहीस, याची होती.

उद्या शर्मिला मॅडमकडे जाऊन सगळं लिहून सही करतो. त्यांना फोन केला होता. म्हणाल्या, घरच्या माणसाने दिलं म्हणून ती सुटत नाही, पण निदान खरं समोर येईल. समितीपुढे बोलावलं तर उभा राहीन. त्या दुसऱ्या मुलीचं नाव मॅडमच्या कागदावरून आधी खोडून घे. ते तू माझ्यामुळे घेतलंस.

आज गाडी उघडली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की ताकद कॉफीत काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, ज्यांनी घेतली त्यांनी डॉक्टरांना दाखवा. एकाने कप माझ्या अंगावर फेकला. त्याचं बरोबर होतं.

मामा


वाई
२ मार्च २०२५

मामा,

पत्र मिळालं. डबा मॅडमनी पाकिटात सील करून नेला. तुमचं निवेदन मी वाचलं. त्या मुलीचं नाव खोडलं.

याहून जास्त आत्ता लिहवत नाही.

निकिता


वाई
९ जून २०२५

मामा, मामी,
जय भीम.

निकाल आला. मॅडमनी तुम्हाला कळवलाच असेल, पण माझ्या हाताने लिहायचं होतं.

डब्याच्या तळाचा नंबर कामाला आला. त्याच नंबरचा सीलबंद डबा मॅडमनी दुकानातून बिलासकट मिळवला आणि प्रयोगशाळेत दिला. त्यात तेच द्रव्य निघालं. लेबलवर त्याचं नाव कुठेच नव्हतं. मामी, तुम्ही डबा भंगारात टाकणाऱ्या असतात, तर चार वर्षं गेली होती. समितीतले एक गृहस्थ विचारत होते की लेबल गेलं कसं. मॅडमनी उघडाबंब माणूस सांगितला. समितीतले तिघेही हसले. मलाही हसू आलं, चार महिन्यांत पहिल्यांदा. मेतकुटाला मात्र दुसरं काहीतरी बघा, तो परत देत नाहीत.

चाराऐवजी दहा महिने. फेब्रुवारीपासून मोजतात, म्हणजे डिसेंबरात मी पुन्हा पळू शकते. या जूनची जर्सी गेली. चेन लावून देणारी ती मुलगी देशाकडून पळायला गेलीय. मी तिला पत्र लिहून सगळं सांगितलं, नाव घेतलं होतं तेसुद्धा. अजून उत्तर नाही.

मामा, तुम्ही समितीपुढे उभे होतात तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं नाही. तुम्ही गेल्यावर त्यांनी मला विचारलं, तुम्हाला त्यांच्या फळ्यावरचे पदार्थ माहीत होते, मग रोज कप घेताना विचारलं का नाही? मी म्हटलं, माझे मामा आहेत. त्यांनी ते लिहून घेतलं. निकालपत्रात माझी चूक म्हणून तेच आलंय. घरच्या माणसाच्या हातचं न विचारता प्यायले. दहा महिने त्याचे आहेत.

मी अजून रागावलेली आहे. पहाटे उठते, ट्रॅकवर जायचं नसतं, आणि मग तुमचा राग येतो. आणि त्याच वेळी कॉफीची आठवण येते. सरांची आई चांगली करतात, पण तुमच्यासारखी नाही. हे दोन्ही एकदम होतं, त्याचं काय करायचं ते मला समजत नाही.

रविवारी सकाळच्या एसटीने येते. मला कॉफी हवी आहे. पण तुम्ही आत करून आणलेली मी पिऊ शकणार नाही. माझ्यासमोर करा. डबे उघडे ठेवा. मी प्रत्येक चमच्याला विचारीन, हे काय आहे. तुम्हाला अपमान वाटला तरी विचारीन. किती दिवस, माहीत नाही. चालेल का?

निकिता


बिबवेवाडी, पुणे
११ जून २०२५

निकू,

चालेल. येताना दूध, कॉफी आणि साखर तूच घेऊन ये. पिशव्या फोडलेल्या नकोत. मी तुझ्यासमोर फोडीन.

तुझ्या या पत्रात एकही चूक नाही.

मामा